वुडांगच्या पहाडावरची चिमूटभर राख

पांढुर्ण्याच्या फलाटावर माझी ट्रंक डब्यात चढवून प्रमोद खाली उतरला आणि खिडकीचा गज धरून म्हणाला, “बाबा, यंदा मी झेंड्यापावेतो जाऊ का?” गाडी हलली होती. मी म्हणालो, “सांभाळून.” बस, एवढंच. चीनला निघालेला बाप एकोणीस वर्षांच्या मुलाशी याहून जास्त काही बोलू शकला असता, पण पासपोर्ट खिशात आहे की नाही हे मी तेव्हा पाचव्यांदा चाचपत होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यालाच झेंडा म्हणतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. झेंडा तोडून आणणाऱ्याची मिरवणूक निघते. डोकं फुटलं तर देवीच्या देवळातली राख लावायची आणि पुन्हा नदीत उतरायचं. माझ्या डाव्या भुवईवरची खोक तिथलीच. ती कशी पडली हे मी दर पोळ्याला पुरणपोळी खाताना प्रमोदला रंगवून सांगत असे. त्याची आई कमल सावरगावची. ती गोष्ट सुरू झाली की ती उठून चुलीकडे जायची.

तर, संत्र्यावरच्या रोगांचा अभ्यास करायला सरकारने आम्हा पाच बागाईतदारांना चीनला धाडलं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि दोन्ही देशांमधला अबोला नुकताच सुटू लागला होता. माझ्या खोलीत बोरगावचे भगवंतराव होते. त्यांनी सामानात ठेच्याच्या तीन बाटल्या आणल्या होत्या आणि चीनमध्ये दुसरं काही पाहण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. दुभाषी म्हणून ली नावाच्या एक बाई होत्या. त्यांचं हिंदी इतकं शुद्ध, की सौंसरच्या तहसील कचेरीत ते कोणाला कळलं नसतं.

हान नदीच्या काठाने आठ दिवस बागा पाहिल्या. उताराला पायऱ्या कापून लावलेली बुटकी झाडं, दाट पानं, हिरवी फळं. मी वहीत लिहून घेत होतो, पण प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पोळ्याला किती दिवस उरले तेही लिहीत होतो. नवव्या दिवशी सुट्टी होती. ली बाई म्हणाल्या, जवळच वुडांग नावाचा पवित्र पहाड आहे, ताओ पंथाच्या साधूंची शेकडो वर्षांची देवळं आहेत, तिथे चला. तो दिवस नेमका पोळ्याचा होता.

पहाड म्हणजे पायऱ्या. दगडी, झिजलेल्या, धुक्याने ओल्या, आणि एका बाजूला सरळ दरी. कठड्याला लोखंडी साखळी होती, ती मी दोन्ही हातांनी धरून चढत होतो. पाठीवर विटा बांधलेली एक म्हातारी मला मागे टाकून निघून गेली. “बाप्पा,” भगवंतराव धापा टाकत म्हणाले, “देवाले एवढ्या वर कोनी नेऊन ठेवलं?”

अर्ध्या वाटेवरच्या एका मठाच्या अंगणात पाच-सहा साधू कसरत करत होते. डोक्यावर केसांचा बुचडा, अंगात निळा झगा, पायांना पांढऱ्या पट्ट्या. आधी वाटलं, हे काय, पाण्यात हात फिरवल्यासारखं! आमच्या आखाड्यातल्या पोराने एका फटक्यात लोळवले असते. मग दोघे समोरासमोर उभे राहिले आणि एकाची मूठ सुटली. ती दुसऱ्याच्या छातीपाशी, तांदळाचा दाणा मावेल एवढ्या अंतरावर थांबली. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. मी दर वेळी डोळे मिटत होतो. दगड असा थांबत नाही, हे मनात आलं. मठात भात, कोबी आणि सोयाबीनच्या दुधाच्या पांढऱ्या वड्या असं निरामिष जेवण मिळालं. भगवंतरावांनी ठेचा काढला. मी भात तसाच सोडला. प्रमोद आता बैलांची शिंगं रंगवत असेल, आणि उद्या सकाळी नदीवर.

माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेलं तांब्याचं लहानसं देऊळ आहे. आत दाढीवाला, अनवाणी देव, त्याच्याजवळ कासव आणि साप. बाहेर मोठ्या धुपाटण्यात उदबत्त्यांची राख साचलेली होती. ती दिसली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. वहीचं पान फाडलं, चिमूटभर राख घेतली, पुडी बांधू लागलो. तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं. एक म्हातारा साधू होता. पकड हलकी होती, पण हात काही हलेना. तो ली बाईंशी बोलला. त्या संकोचून म्हणाल्या, “ये पूछ रहे हैं, भस्म किसके लिए?”

“बेटे के लिए.”

“पुत्र अस्वस्थ है?”

“नहीं,” मी म्हणालो. “कल होगा.”

ली बाईंनी मला तेच दोनदा विचारलं. मग मी गोटमारीची सगळी हकिकत सांगितली. त्या सांगत होत्या आणि म्हातारा माझ्या भुवईकडे पाहत होता. शेवटी तो थोडंसंच बोलला. “ये कहते हैं, पिता को ज्ञात था कि घाव होगा, तो पिता ने भस्म क्यों उठाया, पुत्र को क्यों नहीं रोका?”

म्हाताऱ्याने मनगट सोडलं आणि स्वतःच्या हाताने आणखी एक चिमूट माझ्या पुडीत घातली. ते मला फार लागलं.

उतरताना मी भ्यालो नाही, कारण पायऱ्यांकडे लक्षच नव्हतं. दोनदा घसरलो, गुडघा फुटला. खालच्या गावातल्या तारघरातून पांढुर्ण्याला ट्रंककॉल लावायला सांगितला. लाइन दिल्लीपर्यंत गेली आणि तुटली. मग तार केली: प्रमोद, नदीवर जाऊ नको. दुसऱ्या दिवशी बागेत कोणी कीड दाखवत होतं आणि मी घड्याळातून अडीच तास वजा करत होतो. आता झेंडा रोवलेला असेल. आता दगड सुरू. आता... पुढचा आठवडा मी काय पाहिलं ते माझ्या वहीतही नाही.

पांढुर्ण्याला उतरलो तर फलाटावर कोणी नव्हतं. घराला कुलूप. शेजारची वच्छलाबाई म्हणाली, “सारे सावरगावले गेले हायेत. दवाखान्यातून कालच घरी आनलं.” कोणाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ट्रंक तिच्या ओट्यावर टाकून मी पुलावरून पळालो.

कमलच्या माहेरच्या ओसरीत खाटेवर डोक्याला मोठी पट्टी बांधलेला माणूस निजला होता. तो माझा साळा, कमलचा भाऊ नामदेव होता. कमल पायथ्याशी बसली होती. प्रमोद भिंतीला टेकून उभा होता, धडधाकट, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मला इतका आनंद झाला, की त्याची लाज आज लिहितानाही वाटते.

“कोनाचा दगड?” मी विचारलं.

“नदीत कोन पाहून राहिलं, भाऊजी,” नामदेव हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “इतके हात होते.”

“माझा होता,” प्रमोद म्हणाला. “मामाच्या हातात दगड होता. मले पाहून तो थांबला. मी नाही थांबलो.”

मी खिशातून पुडी काढली. पट्टीच्या कडेला, कपाळावर, राख लावली. नामदेव म्हणाला, “चीनवरून आनली? मंग लौकर बरं होईन.”

प्रमोदने शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझी तार. गोटमारीनंतर तिसऱ्या दिवशी पोचलेली.

“हे तुमी ठेसनावर काहून नाही म्हटलं, बाबा?”

गाडी सुटली होती, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण कमल माझ्याकडे पाहत होती, आणि या वेळी ती चुलीकडे उठून गेली नाही.

“कारन तू जावं,” मी म्हणालो, “असं मलेच वाटत होतं.”