पवळ्या कुणाचं ऐकायचा

कोपरीचा कॉस्मास छकडा घेऊन निघाला की छकड्याच्या आधी त्याच्या शिव्या गावात पोहोचायच्या. खाली उतरल्यावर माणूस म्हणजे गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पुढच्या फळीवर बसून हातात कासरा आला, की याचा राग नाकाच्या शेंड्यावर. पुढची बैलगाडी हळू चालली तर तिचा हाकणारा झोपाळू, मागून कुणी पुढे गेला तर तो माजलेला. रस्त्यात म्हैस उभी राहिली तर तीसुद्धा मुद्दामच.

आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षं झाली होती, आणि आपल्या आयुष्याचं वाटोळं तिनेच केलं असं कॉस्मासचं ठाम मत होतं. पोट मात्र तिच्याच जिवावर चालायचं. स्टेशनाकडे जाणारी मंडळी छकड्यात चढली रे चढली की “चला, चला, गाडी चुकेल” सुरू. त्यांची घाई कॉस्मासच्या डोक्यात शिरायची, डोक्यातून हातात, हातातून पराणीत, आणि शेवटी जायची बिचाऱ्या पवळ्याच्या पाठीत. पवळ्या हा त्याचा तांबूस बैल. त्याला ना गाडी गाठायची होती ना कचेरी.

त्यात ते फाटक! कोपरीतून गावात जायचं तर रूळ ओलांडावे लागत. फाटकवाला भिवा आपल्याला लांबून बघूनच फाटक लावतो, याबद्दल कॉस्मासला तिळमात्र शंका नव्हती.

“भिवा, तुझी आगगाडी मसनात ने!”

“माझ्या बापाची हाय का ती?” भिवा आपल्या चौकीतून ओरडायचा. हे रोजचंच झालं होतं.

कोपरीत बिऱ्हाड करून राहिलेले वकिलाचे कारकून श्रीपादपंत रोज या छकड्यातून जात. ते एकदा म्हणाले, “कॉस्मास, तुम्ही एवढे कडाडता, तरी हा बैल बुजत नाही की खड्ड्यात घालत नाही. नवल आहे बुवा.”

“हात बसाय लागतो, पंत,” कॉस्मास म्हणाला आणि मिशीवरून बोट फिरवलं.

पंतांच्या मागे, भाजीच्या टोपल्यांना टेकून, कॉस्मासची लेक क्लेमेंटिना बसलेली असे. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून बापाने छकड्यात घेतली ती कायमचीच. बापाची तोफ सुटली की ती मागे खालमानेने काहीतरी पुटपुटत राही. पोर जपमाळ ओढते आहे, आपल्या पापांसाठी प्रार्थना करते आहे, असं कॉस्मासला वाटे, आणि तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटे.

तिचं लग्न ठरलं कळव्याच्या अँब्रोजशी. दिवस धरला राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशीचा. तो हुकला की उपासाचा काळ लागणार, आणि ईस्टर होईपर्यंत पाद्री लग्न लावणार नाही. गावातल्या तळ्याकाठच्या चर्चमध्ये लग्नाची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, तीही बारा वाजायच्या आत सुरू व्हायला हवी. अँब्रोजकडच्यांनी घोड्याची गाडी देऊ केली, तर कॉस्मासचं डोकं फिरलं. “माझी पोर माझ्या छकड्यातून जाईल, माझ्या हातानं,” तो म्हणाला. आता माघार घेतली असती तर कळव्यापर्यंत हसं झालं असतं.

वऱ्हाड वाजतगाजत चालत पुढे गेलं. छकड्यात तिघंच: कॉस्मास, लाल लुगड्यातली क्लेमेंटिना आणि बिट्रिस आत्या. आत्याचा नेम कडक होता. घरातून निघालेल्या नवरीने वेदीपुढे ‘हो’ म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाहीतर संसारात भांडणं होतात. आत्या स्वतः अशीच मुक्याने लग्नाला गेली होती आणि पुढे नवऱ्याशी जन्मभर भांडली, पण ते असो.

फाटक बंद होतं. कॉस्मासने भिवाच्या सात पिढ्या काढल्या. पवळ्या कान मागे करून थरथरत उभा राहिला. गाडी गेली, फाटक उघडलं, कॉस्मासने पराणी टोचली आणि घसा फोडून ओरडला. पवळ्याने एक पाऊल टाकलं आणि तो खाली बसला.

कासरा ओढला, शेपटी पिरगाळली, पराणीचे फटके बसले. बैल ढिम्म! एवढ्यात मालगाडी आली आणि फाटक पुन्हा लागलं. तळ्याकाठच्या चर्चची पहिली घंटा ऐकू आली. क्लेमेंटिनाने काही बोलायला तोंड उघडलं, तर आत्याने तिच्या ओठांवर हात दाबला.

फाटक परत उघडलं. पवळ्या बसलेलाच.

“भिवा, तूच काय तरी केलंस!”

“मी काय करू रे? फाटक उघडं हाय की!”

खरंच उघडं होतं. समोर रस्ता मोकळा, ना म्हैस, ना गाडी. दोष द्यायला कुणी उरलंच नव्हतं. पोरीचं लग्न आपल्या हाताने मोडतंय हे कॉस्मासला कळत होतं, आणि करायचं काय ते कळत नव्हतं. त्याला रडू आलं. तो गप्प झाला.

क्लेमेंटिनाने आत्याचा हात बाजूला केला.

“पवल्या, ऊठ राजा,” ती हळूच म्हणाली. “तो तुला नाय बोलत. चल, हलू हलू.”

पवळ्याने कान हलवले, उसासा टाकला आणि उठला.

कॉस्मास फळीवर बसून राहिला. हे पुटपुटणं त्याच्या ओळखीचं होतं, रोज पाठीमागून येणारं, जपमाळेचं. कासरा त्याच्या हातात सैल पडला होता, आणि छकडा नीट वळणं घेत वेळेवर चर्चच्या दारात पोहोचला. लग्न लागलं. आत्या तेवढी फुरंगटून बसली.

दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून कॉस्मासने छकडा जुंपला. मागच्या जागी ना क्लेमेंटिना होती, ना भाजीच्या टोपल्या. फाटक बंद होतं, आणि श्रीपादपंतांचं “चला, चला” सुरू होतं. कॉस्मासच्या तोंडून नेहमीची शिवी सुटली. पवळ्याचे कान मागे वळले, पार मागे, त्या रिकाम्या जागेकडे. फाटक उघडलं तरी तो तसाच ऐकत उभा राहिला.

कॉस्मासने पराणी खाली ठेवली.

“पवल्या,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तो तुला नाय बोलत.”

पवळ्या जागचा हलला नाही. त्याचे कान अजून मागेच होते.