कार्डाला बोले, सासूला लागे

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे टकटकबाई म्हणत. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आल्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण बाईंची बोटं अजून लोखंडी कळा दाबत असल्यासारखी पडायची. वर्षाला एक कीबोर्ड त्यांच्या हातून शहीद व्हायचा. एकोणीस वर्षं त्या दुसऱ्यांनी लिहिलेले अर्थ टाइप करत आल्या होत्या. एखादा अर्थ चुकलाय असं वाटलं की त्या दोन सेकंद थांबायच्या. टकटक थांबली की पलीकडच्या खोलीत संपादक मान वर करायचे आणि तो कागद परत मागवून घ्यायचे. बहुतेक वेळा बाईंचंच बरोबर निघायचं, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे, कारण बाईंकडे पदवी नव्हती.

कोश इंग्रजी-इटालियन होता आणि तो 'गेट' या क्रियापदापाशी येऊन ठाण मांडून बसला होता. दिसायला तीन अक्षरांचा किरकोळ शब्द. पण इंग्रजी बोलणारा माणूस सकाळी उठतो तो याच शब्दाने, बसमध्ये चढतो, दूध आणतो, घरी पोचतो, त्याला सर्दी होते, त्याचं लग्न होतं, तो म्हातारा होतो आणि शेवटी त्याला काहीतरी कळतं, तेही याच शब्दाने. इटालियनला हा आळस मंजूर नाही. तिथे घ्यायला प्रेंदेरे, व्हायला दिवेंतारे, पोचायला अर्रिवारे, कळायला कापीरे. प्रत्येक कामाला वेगळा गडी. दोन पदव्यांचे एक प्राध्यापक या शब्दावर आठ महिने बसले आणि रक्तदाबाचं निमित्त सांगून निघून गेले. त्यांच्या जागी आलेल्या विदुषी तिसऱ्या आठवड्यापासून फोन उचलेनाशा झाल्या.

मग एका सोमवारी संपादकांनी टकटकबाईंना आत बोलावलं.

"बाई, तुमच्या घरी इटालियन आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "सासूबाई."

"सहा आठवडे देतो. एकशे चाळीस कार्डं आहेत. जमलं तर खिडकीजवळचं टेबल तुमचं, सहसंपादक म्हणून. नाही जमलं तर शब्द बाहेरच्या कुणा विद्वानाकडे जाईल, आणि तुम्ही आहात तिथे आहातच."

आहात तिथे म्हणजे कपाटामागे, दिव्याखाली. खिडकीजवळचं टेबल बाई एकोणीस वर्षं लांबून बघत आल्या होत्या. वय बावन्न झालं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या दिवशी बसमध्ये त्यांनी कार्डांचा खोका मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवला.

कार्डांचा एक नियम होता, आणि संपादक त्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकत नसत. पुढच्या बाजूला एक इंग्रजी वाक्य. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, ते कोण म्हणालं, कुणाला आणि कुठे. वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. कोश करणाऱ्याने स्वतःचं वाक्य घालायचं नाही. मागच्या आवृत्तीत लोकांनी मनाची वाक्यं घातली होती, आणि 'माझ्या काकांच्या बागेत तीन राजहंस आहेत' असली वाक्यं पाठ करून लोक परदेशी गेले होते. तिथे त्यांना राजहंसांबद्दल कुणी काही विचारलं नाही.

घरी तीन माणसं. बाई, बाईंचा नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं इटालियन सातव्या वर्षी इटली सोडली तेव्हा जे थांबलं ते थांबलं. आईचं बोलणं कळायचं, पण स्वतःला भूक लागली हे सांगता यायचं आणि बहिणीची चुगली करता यायची, एवढंच. सासरे गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, सासूबाई राहायला आल्या होत्या, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. त्यांना इंग्रजी जेमतेम कळायचं. बाईंचं इटालियन संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं, पुस्तकी. सून बोलायला लागली की कुणीतरी नोटीस वाचून दाखवतंय असं वाटतं, असं सासूबाई मुलाला सांगायच्या. दोघींचं भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा भाषा लागते. तीन वर्षं दोघी एकमेकींना मीठ, टॉवेल आणि औषधाच्या गोळ्या तेवढ्या देत-घेत होत्या.

पहिल्या संध्याकाळी सासूबाई टेबलाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. बाईंनी खोका उघडला आणि विचारलं, "आई, 'गेट'ला तुमच्यात काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "कोण बोलतंय ते सांग. कुणाला बोलतंय ते सांग. हातात काय आहे ते सांग. मग मी सांगते."

आठ महिन्यांत प्राध्यापकांना जे सुचलं नव्हतं ते शेंगा सोलता सोलता सांगून झालं. बाईंनी त्या दिवसापासून तशी सुरुवात केली. दूधवाला, हातात बाटली. बसमधली बाई, हातात पिशवी. सासूबाई क्षणभर डोळे मिटायच्या, त्या माणसाच्या जागी जाऊन उभ्या राहायच्या आणि मग वाक्य यायचं. एकदा म्हणून बघायच्या आणि पुष्कळदा स्वतःच मोडीत काढायच्या. "छे, असं माणूस बोलत नाही. असं रेडिओ बोलतो."

दुसऱ्या आठवड्यात त्या कामाला बसताना चांगला स्वेटर घालायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात बाईंच्या आधी टेबलाशी हजर. नवरा कामावरून यायचा तर आई आणि बायको डोक्याला डोकं लावून बसलेल्या. आजवर त्याची अडकित्त्यातली सुपारी झालेली होती; आता अडकित्ताच मिटलेला पाहून त्याला काय करावं कळेना, तो उगाच दोनदा हात धुवायचा.

माशी शिंकली ती चौथ्या आठवड्यात. कार्डं संपादकांनी अर्थांप्रमाणे लावून दिली होती. मंगळवारी गठ्ठा निघाला तो 'होणे' या अर्थाचा. घाई होती, म्हणून बाईंनी कोण-कुणाला-हातात-काय हे सोडून दिलं आणि नुसती पुढची बाजू वाचत सुटल्या.

"ती आता म्हातारी होत चाललीय."

सासूबाईंनी इटालियन सांगितलं.

"तिचं विसरणं वाढत चाललंय."

तेही सांगितलं, पण जरा थांबून.

"तिला जिना चढणं जड व्हायला लागलंय."

सासूबाईंचा डावा गुडघा गेल्या हिवाळ्यापासून दुखत होता. त्यांनी टेबलाखाली तो हाताने चाचपला आणि वाक्य सांगितलं.

बुधवारचा गठ्ठा 'मिळवणे' या अर्थाचा होता. "तिच्यासाठी खोली मिळाली का?" "मिळेल, पण दुसऱ्या एका बाईबरोबर." गुरुवारी 'निघणे'. "तुझं सामान गोळा कर." "चला, निघा आता इथून."

"हे मला येत नाही," म्हणून सासूबाई उठल्या आणि खोलीत गेल्या. थकल्या असतील, असं बाईंना वाटलं. दुसऱ्याच्या कागदावरची चूक दोन सेकंदांत पकडणाऱ्या बाईला हाताच्या अंतरावरचा चेहरा वाचता आला नाही. डोळ्यांसमोर टेबल असलं की माणसं दिसत नाहीत, आणि बाईंच्या डोळ्यांसमोर महिनाभर खिडकीजवळचं टेबल होतं. शुक्रवारी सासूबाईंनी डोकं दुखतंय असं सांगितलं. उरली होती एकवीस कार्डं.

शनिवारी सकाळी नवरा कुठेतरी लिफ्ट अडकली म्हणून लवकर गेला होता. बाई चहा घेऊन बाहेर आल्या तर दारापाशी तपकिरी बॅग. शेजारच्या खुर्चीत सासूबाई, अंगात कोट, पायांत बूट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. खोलीतल्या पलंगावरच्या चादरीची घडी घालून झाली होती.

"कुठे निघालात, आई?"

"तू सांगशील तिथे. खोली मिळाली ना?"

"कसली खोली?"

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. "माझी सासू माझ्याशी कधी बोलली नाही. ती मांजराशी बोलायची. मी समोर असले की मांजराला सांगायची, काही जणींना भांडी घासता येत नाहीत. काही जणींच्या माहेरी शिस्त नाही. अकरा वर्षं. मांजर मेलं तेव्हा ती कमी रडली आणि मी जास्त, म्हटलं, आता ही सरळ माझ्याशीच बोलणार. तेव्हा मला ऐकू येतं, पोरी. तुझ्याकडे मांजर नाही, कार्डं आहेत. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, हेही मी समजू शकते."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण आजवर सुनांनी सोसली. सासूच्या वाट्याला ती आलेली बाईंनी तरी पहिल्यांदाच पाहिली. त्यांना रडू यायला लागलं. नाही हो आई, तसं नाही, एवढं म्हणायचं होतं, पण पुस्तकी इटालियन ऐन वेळी पाठ दाखवून पळून गेलं. त्या धावत जाऊन खोका घेऊन आल्या, आणि खोक्याचा तळ, जो महिनाभर बसचे धक्के खात होता, तिथेच सुटला. एकशे चाळीस कार्डं जमिनीवर.

बाई गुडघ्यांवर बसल्या. एक कार्ड उचललं, उलटं केलं आणि मागची बाजू वाचली.

"'म्हातारी होत चाललीय.' जनावरांचा डॉक्टर, मालकाला, कुत्रीबद्दल."

दुसरं उचललं. "'विसरणं वाढत चाललंय.' शाळेतल्या बाई, पालकांना. मुलगी नऊ वर्षांची. 'जिना चढणं जड व्हायला लागलंय.' नवरा, दवाखान्यात. बायकोला आठवा महिना. 'खोली मिळाली का?' वडील, वसतिगृहाच्या कचेरीत, लेकीसाठी. 'सामान गोळा कर.' आई, सहलीला निघालेल्या मुलीला. 'निघा आता इथून.' वाचनालयातला शिपाई, बंद व्हायच्या वेळी."

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी पहिल्या कार्डाकडे बोट दाखवलं. "कुत्री?"

"कुत्री, आई. चौदा वर्षांची."

"म्हणजे एका कुत्रीसाठी मी बॅग भरली."

बाईंना हसूही येईना आणि डोळेही थांबेनात. सासूबाईंनी मात्र कोट काढला नाही. खाली पसरलेल्या कार्डांवरून त्यांनी नजर फिरवली.

"आणि तुझं कुठलं?"

"माझं नाही. स्वतःचं घालायचं नाही असा नियम आहे."

"दूधवाला बोलला, शिपाई बोलला, जनावरांचा डॉक्टर बोलला. शंभरावर माणसं माझ्याशी बोलली, आणि तुझं एक वाक्य नाही?"

हा प्रश्न कोशाबद्दल नव्हता, हे बाईंना कळलं. एक कोरं कार्ड त्यांनी ओढून घेतलं आणि जमिनीवर बसूनच लिहिलं. 'गेट' घालूनच लिहिलं, हाताला आता तीच सवय होती. मग वाचून दाखवलं.

"तुमच्याशिवाय माझं निभत नाही."

आधी त्यांना वाटलं, हे टेबलाबद्दल आहे. सासूबाई गेल्या तर काम गेलं, काम गेलं तर टेबल गेलं. पण वाचता वाचता लक्षात आलं की टेबल मिळालं नाही तरी हे वाक्य तसंच राहील. संध्याकाळी दार उघडल्यावर चांगला स्वेटर घालून कुणीतरी आपली वाट पाहत बसलेलं असतं, हे त्यांना हवं होतं. महिनाभर ते मिळत होतं आणि त्या त्याला काम म्हणत होत्या.

सासूबाईंनी डोळे मिटले. "प्रेंदेरे नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अर्रिवारे नको. काव्हार्सेला." अडचणीतून माणूस कसंबसं स्वतःला बाहेर काढतो, निभावून नेतो, त्याला हा शब्द. त्यांनी सबंध वाक्य एकदा म्हटलं. मोडीत काढलं नाही. परत एकदा म्हटलं.

"कोण बोलतंय?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"सून."

"कुणाला?"

"सासूला."

"हातात काय आहे?"

बाईंनी पाहिलं. एका हातात पेन्सिल होती. दुसऱ्या हाताने कधी कोण जाणे, दारापाशी असलेल्या बॅगेचा बंद गच्च धरला होता.

"पेन्सिल," त्या म्हणाल्या. "आणि तुमची बॅग."

"मग मागे तसं लिही. नीट अक्षरात लिही," सासूबाई म्हणाल्या आणि कोटाचं वरचं बटण काढलं.

दुपारपर्यंत बॅग रिकामी झाली. दोन झगे, सासऱ्यांचा फोटो, सपाता आणि उशीचा एक अभ्रा, एवढंच घेऊन त्या निघाल्या होत्या. खोका कामातून गेलाच होता, तेव्हा कार्डं बॅगेत भरली. उरलेली एकवीस दोघींनी चार दिवसांत संपवली, आणि यापुढे आधी मागची बाजू वाचायची असं ठरलं.

संपादकांनी गठ्ठा दोन दिवस वाचला. सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी त्यांनी बाईंना आत बोलावलं. समोर सगळी कार्डं रचलेली होती आणि एक बाजूला काढलेलं.

"एकशे चाळीस दिली होती. हे एकशे एक्केचाळीसावं. कोण म्हणालं हे?"

"मी, साहेब."

"कोशकाराचं स्वतःचं वाक्य चालत नाही, बाई. तो नियम तुम्हीच टाइप केलाय."

बाई दोन सेकंद थांबल्या. संपादकांनी सवयीने मान वर केली.

"मी कोशकार कुठे आहे, साहेब?" बाई म्हणाल्या. "मी टायपिस्ट."

संपादकांनी कार्ड उलटं केलं आणि मागचं वाचलं. सून, सासूला, घरी. हातात पेन्सिल आणि बॅग. मग पुढच्या बाजूला वाक्याखाली लिहिलेलं इटालियन वाचलं, ओठ हलवत, आणि कार्ड गठ्ठ्यावर, सगळ्यांत वर ठेवलं.

"मग यावर आजची तारीख घाला," ते म्हणाले. "सोमवारपासून तुमचं वाक्य चालणार नाही."

बाईंनी तारीख घातली. मग रिकामी बॅग उचलून त्या खिडकीजवळच्या टेबलापाशी गेल्या आणि ती तिथल्या खुर्चीच्या पाठीला अडकवली. सोमवारी 'गिव्ह'ची कार्डं घरी न्यायला ती लागणार होती.