शेवंताचा हात कोणी तपासला नाही

त्या दिवशी सरांनी माझा हात धरला आणि वस्तीसमोर वर केला.

"बघा," ते आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना म्हणाले. "हाही यांच्यातलाच. एम.एस्सी. झाला, माझ्याकडे संशोधन करतो, पण रक्त तेच. हजारो वर्षं घाणीत राहिलेत. विष पचवायची सवय झालीय यांना."

बरोबरचे विद्यार्थी हसले. डॉक्टरही हसले, जरा उशिरानं. माझा हात वरच होता. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात दाखवतात, तसा.

समोर माझी माय उभी होती.

ही आमचीच वस्ती. मोहाडीजवळच्या एका गावाची, तलावाच्या पाळीखालची, निळ्या झेंड्याची. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सर नागपूरच्या प्रयोगशाळेत घटसर्पाच्या जंतूवर काम करत. जंतूचं विष शरीरात काय करतं आणि काही माणसं त्याला कशी तोंड देतात, हा त्यांचा विषय. मी त्यांचा विद्यार्थी. वस्तीत आपला माणूस हवा म्हणून त्यांनी मला जीपमध्ये घेतलं होतं.

तपासणी सोपी होती. एका हाताच्या कातडीत विषाचा अगदी लहानसा अंश टोचायचा. दुसऱ्या हातात तुलनेसाठी तेच विष, तापवून निकामी केलेलं. काही दिवसांनी बघायचं. रक्तात प्रतिविष असेल तर कातडी कोरी राहते. नसेल तर लाल चट्टा उठतो.

आम्ही ते चट्टे बघायला आलो होतो. शाळेच्या पडवीत रांग लागली. हात कोरे होते. एकामागून एक, कोरे. मलाही टोचलं होतं; माझाही कोरा.

"मले काही झालं नाही जी," रांगेतला एक म्हातारा सरांना म्हणाला. "बक्षीस गिक्षीस भेटते का?"

"भेटेल, बाबा, भेटेल." सर खुशीत होते.

मी रांगेकडे बघत होतो. त्यात लहान लेकरू एकही नव्हतं. धानाची कापणी चालली होती. सुई टोचली की लेकरू तापतं म्हणून बायांनी ती टोचणीच्या आधीच बांधीवर, धानाच्या शेतात, नेऊन ठेवली होती, भाकरीसकट. आलेली सगळी मोठी माणसं. जगून मोठी झालेली.

माझ्यासोबतचा विद्यार्थी प्रत्येकाला विचारत होता, घरात कुणाला घटसर्प झाला होता का?

"नाही जी," माय म्हणाली. "कोणाले नाही."

तिच्या मागची वच्छलामाय म्हणाली, "नाही."

मी ऐकत होतो. आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव परक्यासमोर घेत नाहीत. नाव घेतलं की ते मागे राहिलेल्याला बोलावतं, असं मानतात. आमच्या घरात कित्येक वर्षं ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मीही नाही.

ती माझी धाकटी बहीण. एका हिवाळ्यात तिच्या गळ्यात राखाडी पडदा धरला होता. मलाही तोच आजार झाला होता, पण मी उठलो. नंतर तिचाही ताप उतरला. तिनं भात मागितला. माय भात घेऊन आली तेव्हा ती गेलेली होती. का गेली हे आम्हाला कळलं नाही. नागपूरला ग्रंथालयात एकटा वाचत बसलो असताना कळलं. जंतू गळ्यातच राहतो, विष मात्र रक्तातून हृदयापर्यंत पोचतं. बरं होतंय असं वाटत असताना हृदय थांबतं. मी पुस्तक मिटलं. ते कुणाला सांगावं असं तिथं कुणी नव्हतं.

माझा हात कोरा होता तो त्या हिवाळ्यामुळे. हजार वर्षांमुळे नाही.

सरांनी वर धरलेला माझा हात सोडला. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "सर, घटसर्पाची त्रिगुणी लस थोडीच आली आहे. आधी कुठं देऊ?"

"मुख्य गावात द्या. इथं कशाला वाया घालवता? यांना निसर्गानंच दिलीय."

पुढचं सगळं मला दिसलं. बांधीवरची लेकरं दिसली.

"नाही, सर."

"काय नाही?"

"माझी बहीण शेवंता. याच वस्तीत घटसर्पानं गेली. तिचा हात तुम्ही तपासला नाही. जे वाचले त्यांचेच हात तुम्ही बघताय."

मायनं पदर तोंडावर घेतला. "बाबू," ती म्हणाली, "नाव कायले घेतलं रे?"

मग वच्छलामाय जमिनीकडे बघत म्हणाली, "माहा गुलाब." तिच्या शेजारची म्हणाली, "ताराचंद. न् त्याच्या मांगची पोरगी." बक्षीस मागणारा म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं नाव सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भावनेवर विज्ञान चालत नाही. तू इथं माझा विद्यार्थी म्हणून आलायस."

"लहान लेकरांना तपासा, सर. मी बांधीवरून आणतो."

"जीपमध्ये बस."

मी बसलो नाही. जीप गेली. डॉक्टर पुढच्या आठवड्यात लस घेऊन आले, माझ्याकडे न बघता. ती अर्ध्या लेकरांना पुरली. उरलेल्यांसाठी मी एसटीनं भंडाऱ्याला जात राहिलो, आरोग्य कचेरीच्या बाकावर बसत राहिलो. लस आली, पण त्याआधी वस्तीत एक लेकरू गेलं. ते वच्छलामायच्या नातवंडांतलं होतं. बाया माझ्याकडे बघत. मी नावं बाहेर काढली म्हणून ते गेलं, असं काहींना वाटत होतं. मायलाही वाटत असावं. ती माझ्याशी जेवायला बोलावण्यापुरतंच बोलायची.

सरांचा लेख छापून आला. या समाजात उपजत प्रतिकारशक्ती आहे, असं त्यात होतं. मी संपादकांना उत्तर पाठवलं. ते छापलं नाही. माझा प्रबंध तिथंच संपला. मी मोहाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. लग्न केलं नाही. संध्याकाळी वाचतो.

माय गेली. वच्छलामाय गेली. त्यानंतरही बाहेरची माणसं वस्तीत येतात, कधी रक्त घ्यायला, कधी नुसतं विचारायला. येतच राहतील. त्यांना मी आधी पडवीत बसवतो आणि जी माणसं रांगेत येऊ शकत नाहीत त्यांची नावं सांगतो. ऐकायची तयारी नसेल, तर माझ्या वस्तीतल्या एकाही हाताला मी सुई लावू देणार नाही.

ती नावं मोठ्यानं सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.