काष्टा कोणी खोचला?

मालतीताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात मोठमोठ्या डॉक्टरांचे लेख असतील. मी उंद्रीची, दुसरीपर्यंत शिकलेली बाई. ताईंच्या विद्यार्थ्यांनी आग्रह केला म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, ते हाताच्या दुखण्यानं नाही, शाळेनं.

ताईंची नि माझी ओळख चिखलीच्या दवाखान्यात झाली. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी उजवी बाजू लकव्यानं गेली होती. पुढे पाय सुधरला, जीभही सुधरली. जीभ राहिली असती तरी चाललं असतं, असं आमचे मालक म्हणत. हात मात्र पाठीमागे जाईना. आता नऊवारी नेसणाऱ्या बाईचा हात मागे जात नसेल, तर तिचा काष्टा कोण खोचणार? माझी सून सुमन खोचायची. रोज सकाळी मी भिंतीकडे तोंड करून उभी आणि ती मागे. सून गुणाची आहे. पण जिला मी भाकरीच्या काठावरून बोलले, तिच्यापुढे रोज असं उभं राहणं मला मरणापेक्षा जड होतं.

ताई तेव्हा नागपूरला शिकवत नि सुट्टीत चिखलीला रोगी पाहायला येत. आजारानं अडलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करायला लावायची, ही त्यांची विद्या. सगळे रोगी वर्गात नेता येत नाहीत, म्हणून त्या चावीच्या कॅमेऱ्यानं त्यांचं चालतं चित्र घेत नि मुलांना पडद्यावर दाखवत. "आजी, घरी येऊन तुमचं चित्र घेऊ का?" असं त्यांनी विचारलं आणि येण्याचा दिवसही कळवला.

तिथंच घोळ झाला. पाहुण्या येणार म्हणून सुमननं घर सारवलं, मला ठेवणीतलं लुगडं नेसवलं, काष्टा खोचला आणि पुढ्यात निवडायला ज्वारीचं सूप देऊन बसवलं. डावा हात निवडत होता, उजवा सुपाला टेकून दिमाखात बसला होता. चित्र मुकं. मीही मुकीच राहिले.

पुढच्या सुट्टीत ताईंनी विद्यार्थ्यांना चिखलीला आणलं आणि शाळेच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर ते चित्र लावलं. ज्याचं चित्र, त्याला दाखवल्याशिवाय त्यावर शिकवायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणून मी नि सुमनही तिथं होतो. एक चष्मेवाला उठून म्हणाला, "आजींची प्रगती उत्तम आहे. पुढच्या उपचारांची गरज दिसत नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसले असते तर अब्रू राहिली असती, आणि जन्मभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले असते.

"काऊन बे," मी म्हटलं, "लुगडं पाह्यलं. काष्टा कोनं खोचला, इचारलं काय?"

"तुम्हीच ना, आजी?"

"मी खोचत असती, तं तुमच्या दारात कायले आली असती?"

सुमन कुजबुजली, "आत्याबाई, लोकं आहेत."

"असू दे. रोज तूच तं खोचतं."

ताई रागावल्या नाहीत. मुलांना म्हणाल्या, "चूक माझी. मी दिवस कळवून गेले. कॅमेरा सुरू होण्याआधी रोग्यासाठी कोणी काय केलं, ते आधी विचारायचं." त्यांच्या वर्गात आजही तोच प्रश्न पहिला असतो, असं ऐकते.

मग त्या न कळवता आल्या. पोरांना अंगणात बसवलं. मी आत, अंग दिसू नये म्हणून सुमनचा परकर घालून, वरून लुगडं नेसायला लागले. "तुमचं तोंड दिसू देणार नाही," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, "दिसू द्या. नाही तं पोरं म्हनतील, बाई दुसरीच होती."

ते चित्र मुलांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. मी बोटांच्या नावानं बोंबलत होते, अडत होता खांदा. हे त्या चष्मेवाल्यानंच ओळखलं. पाठ पुसतो तसा पंचा मागे धरायचा नि चांगल्या हातानं दुसऱ्याला ओढायचं, हा व्यायामही त्यानंच सुचवला. ताईंचं पत्र नेमानं यायचं, सुमन वाचून दाखवायची: "खांदा दुखला तर थांबा. कंटाळा आला तर थांबू नका."

सहा महिन्यांनी एका सकाळी ताई दारात उभ्या. सुमन सवयीनं मागे आली. "आत्याबाई, वळा."

"तू चूल पाह्य," मी म्हटलं.

हात कमरेशी गेला, तिथून मागे सरकला. काष्टा खोचला गेला. वाकडा होता, पण सुटला नाही. सुमन उंबऱ्यावर बसून हसायला लागली. माझ्या छातीवरचा वरवंटा कोणी उचलला असं वाटलं. वळून पाहते तर ताईंच्या हातात कॅमेरा तसाच. चावी द्यायचीच विसरल्या होत्या!

"आजी, पुन्हा एकदा नेसाल?"

"हजारदा म्हना, बाई." सगळं सोडलं नि पुन्हा नेसले.

ताई, लोक तुम्हाला शंभर वर्षं मागतील. मी नुसती वर्षं मागत नाही. जितकी जगाल तितकी सगळी, अगदी शेवटच्या सकाळीसुद्धा, तुमचं पातळ तुम्हीच नेसा. मागे उभं राहायला कोणी लागू नये.