अ‍ॅस्टरची पट्टी

होटगीजवळ आमच्या बांधाला लागून महिपतीचं रान होतं. ज्वारीच्या मुलखात हा पठ्ठ्या अ‍ॅस्टरची फुलं काढायचा, तीही घरी धरलेल्या बियांपासून. गणपतीत गादीवाफा करायचा, बारीक बी राखेत कालवून ओळीत सोडायचा, वर गोणपाट टाकायचा आणि तान्ह्या लेकराला जपावं तसं जपायचा. हिवाळ्यात लांब देठांच्या जुड्या बांधून गाडीनं सोलापूरच्या बाजारात न्यायचा.

अ‍ॅस्टरची एक खोड असते. एकदा झालं त्या रानात लगेच पुढच्या वर्षी लावलं, की मर लागते. उभी रोपं माना टाकतात. म्हणून महिपती आणि त्याचा थोरला भाऊ रामहरी दरवर्षी पट्ट्या बदलायचे. इकडं फुलं, तिकडं ज्वारी.

चौऱ्याहत्तर साली दोघांची वाटणी झाली. कशावरून, तर एका बैलजोडीवरून! बोलणं तुटलं. महिपतीच्या वाट्याला नेमकी आदल्या वर्षी फुलं झालेली पट्टी आली. रोपं लावणीला आली तेव्हा मी त्याला म्हणालो, "दादाकडं रानासाठी एक शब्द टाक की."

"मरंन, पन मागनार न्हाय."

लावली त्याच रानात. हट्टीपणा तरी किती असावा माणसात!

तिकडं रामहरीनं आपली पट्टी कुळवून तयार केली आणि पेरलीच नाही. सगळ्या शिवारात ज्वारी गुडघ्याला आली, ह्याचं रान मोकळंच. लोक हसायचे. मी विचारलं तर म्हणाला, "बगू की."

महिपतीची रोपं कळ्या धरता धरता वाळून गेली. बियालासुद्धा एक झाड उरलं नाही. त्याच पंधरवड्यात रामहरी तापानं गेला.

सावडायचं उरकून आम्ही रामहरीच्या ओसरीवर बसलो होतो. महिपतीनं भावजयीला, बजाबाईला, विचारलं, "वैनी, दादानं औंदा रान मोकळं का ठिवलं?"

"तुमच्या रोपांसाटी, भावजी. ज्वारी पेरा म्हनून मी लई भांडले. म्हनायचे, त्येची रोपं कुटं जातील? यील की मागायला. रोज सांजंला बांधावर जाऊन वाट बगायचे."

"मग हाक का न्हाय मारली?"

हट्टात दोघंही एकाच आईचे.

महिपती उठला, अनवाणीच त्या रानात गेला आणि मधोमध मातीत पालथा पडला. मी मागोमाग गेलो, तर बांधावरूनच त्याचं रडणं ऐकू येत होतं.

"दादा, रान दे की रं! मागतो की मी, दादा!"