तलावाच्या भिंतीतल्या सापसुरळ्या

शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावावर त्या पंप चालवायच्या. सगळे त्यांना पंपवाल्या काकू म्हणत. दिवसभर पंपाच्या घरघराटात राहून त्यांना मोठ्याने बोलायची सवय लागली होती. घरी साधं मीठ मागितलं तरी शेजारी कान टवकारत.

तलावाची भिंत जुनी होती. बाहेरची बाजू नुसती दगडावर दगड रचलेली, आणि त्या फटींत सापसुरळ्या राहत. ऊन आलं की दगडावर येऊन पडत. तेल चोपडल्यासारखी चकचकीत तपकिरी पाठ, कुशीला काळा पट्टा, पिल्लांची शेपटी निळी. पाय इतके तोकडे की पळताना दिसायचेच नाहीत. त्यामुळे नवा माणूस हटकून काठी उचलायचा.

"ठेवा ती काठी," काकू ओरडायच्या. "सापाची मावशी आहे ती, साप नव्हे. विष नाही, काही नाही. नात्यात आहे म्हणून तिला कशाला मारता?"

एकदा प्राणिशास्त्राच्या एक बाई आल्या. चार दिवस भिंतीसमोर पालथ्या पडून राहिल्या. जाताना म्हणाल्या, "काकू, ही जात पूर्वी या सगळ्या टेकड्यांवर होती. तिथे घरं झाली. आता फक्त या भिंतीत उरली आहे. सांभाळा."

काकूंनी जमेल ते केलं. पायथ्याचा पालापाचोळा जाळू दिला नाही, मांजरं हुसकावली.

मग भिंत झिरपू लागली. खालच्या वस्तीत काकूंच्या धाकट्या जाऊबाईंचं घर होतं. तिथे जमिनीतून पाणी वर आलं, फरश्या सुटल्या, भिंतींना बुरशी धरली. इंजिनिअर पाहून गेले आणि म्हणाले, सगळ्या फटींत सिमेंट भरायचं. बाई धावत आल्या, पुष्कळ बोलल्या. इंजिनिअरनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मलाही वाईट वाटतं हो. पण खाली माणसं झोपतात. भिंत गेली तर?"

मग निदान आधी सापसुरळ्या हलवू द्या, म्हणून बाईंनी अर्ज केला.

संध्याकाळी जाऊबाई काकूंकडे आल्या. "ताई, तुमच्या त्या सापसुरळ्यांसाठी काम अडलंय म्हणे?"

"माझ्या कुठल्या गं?"

"त्या बाई तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा ना त्यांना. पोराला रात्रभर खोकला आहे."

त्या पोराला काकूंनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

काम सुरू होण्याआधी सापसुरळ्या पकडून हलवायची परवानगी मिळाली. पलीकडच्या उतारावर बाईंनी दगडांचा ढीग रचला. पण दिवस थंडीचे होते आणि सापसुरळ्या भिंतीत खोल जाऊन बसल्या होत्या. बाई आणि काकू सकाळपासून उन्हात वाट पाहत. मोजक्याच हाती लागल्या. एक तर निसटली आणि तिची तुटलेली शेपटी काकूंच्या तळहातावर कितीतरी वेळ वळवळत राहिली.

"नवी फुटते, काकू," बाई म्हणाल्या.

"हो, पण कुठे जाऊन फुटणार?"

सिमेंट कालवायला पाणी काकूंच्याच पंपाचं लागायचं. गवंडी हाक मारायचा, काकू बटण दाबायच्या. नळीतून सिमेंट फटीत जाताना त्या पाठ करून उभ्या राहत. दुसऱ्या कुणी बटण दाबलं असतं तरी पाणी आलंच असतं, हे त्यांना कळत होतं. त्याने काही हलकं वाटत नव्हतं.

भिंत झिरपायची थांबली. जाऊबाईंनी त्यांना बोलावून कोरडी जमीन दाखवली, पोराचा खोकलाही गेला होता. काकूंना मनापासून बरं वाटलं, आणि त्या तिथेच पायरीवर बसून रडल्या. जाऊबाईंना वाटलं, आनंदाने.

उन्हाळ्यात दगडांच्या ढिगावर दोन सापसुरळ्या दिसल्या. मग मुंगसाने ढीग उकरला आणि त्यानंतर एकही दिसली नाही. बाईंनी एकेक दगड हलवून पाहिला.

"मी काय करायला हवं होतं, बाई?" काकूंनी विचारलं.

बाईंनी हाताची माती झटकली. "मला माहीत असतं तर मीच केलं नसतं का?"

मग दोघींनी ते दगड पुन्हा एकावर एक रचून ठेवले.