मामीची ‘जपानी’

माझ्या मामीइतकं एखाद्या वस्तूचं वय जपणारं माणूस अख्ख्या तापीखोऱ्यात दुसरं सापडायचं नाही. स्वतःच्या केसांना ती न चुकता मेंदी लावते, मोबाईल जुना झाला की भाचरांच्या मागे लागून नवा आणवते, घरातले पडदे तर दर सणाला बदलतात. पण तिच्या जुन्या जपानी गाडीला कुणी एका दिवसानेही तरुण करू पाहिलं, तर त्या माणसाशी ती पुढच्या दिवाळीपर्यंत बोलत नाही. गाडी सत्तरच्या दशकातली. कुठल्याशा गिरणीत यंत्रं बसवायला आलेल्या एका जपानी साहेबाने जाताना ती मागे ठेवली आणि मग हात बदलत बदलत ती मामीपर्यंत आली, एवढाच तिचा इतिहास. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या बुधवारा मोहल्ल्यात तिला कुणी गाडी म्हणत नाही. ‘जपानी येऊन राहिली, बाजूला व्हा’ असं म्हणतात, आणि गल्लीत नव्याने आलेला पाहुणा परदेशी बाई बघायला मिळणार म्हणून ओट्यावर येऊन उभा राहतो.

गाडी मिळाली तेव्हा मामी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एका विद्यार्थिनीच्या लग्नाला ती आणि मामा खकनार गावी गेले होते. मुहूर्ताला वेळ होता म्हणून मामी गोठ्याकडे चक्कर मारायला गेली आणि कडब्याच्या गंजीआड तिला ही दिसली. चाकं मातीत रुतलेली, टपावर मिरच्या वाळत घातलेल्या, मागच्या सीटवर दोन कोंबड्या अंडी उबवत बसलेल्या. मामा सांगतात, की मंगलाष्टकं सुरू झाली तरी ही गाडीखालून बाहेर यायला तयार नव्हती. बाहेरून फक्त तिच्या नव्या साडीचा काठ दिसत होता. त्या वर्षी घरात फ्रिज यायचा होता. त्याऐवजी ट्रॅक्टरला दोर बांधून जपानी आली. स्टिअरिंगवर मामी आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मामा, मांडीवर गाडी विकणाऱ्या शेतकऱ्याने आपण होऊन दिलेली अंड्यांची टोपली. पुढे कित्येक उन्हाळे माठातलं पाणी पिताना मामा फ्रिजचा विषय काढत आणि मामी विचारी, "फ्रिजमध्ये बसून इच्छापूरच्या देवीला जाणार होते का तुम्ही?"

घराच्या तळमजल्यावर पूर्वी सुताचं गोदाम होतं, ते जपानीला मिळालं. रोज सकाळी आजूबाजूचे यंत्रमाग सुरू व्हायच्या आधी मामी खाली उतरते. एकदा खटखट सुरू झाली की इंजिनाचं काही ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ती डोळे मिटून उभी राहते. त्या वेळी घरातल्या कुणीही जिन्यावरून चपला वाजवत उतरायचं नाही. मग निदान होतं. आज कार्बोरेटर रुसलाय, आज टॅपेट बोलून राहिले, आज पोट साफ आहे. माझ्या मुलाला ताप आला होता तेव्हा हीच मामी फोनवर "पॅरासिटामॉल दे, उतरेल" एवढंच म्हणाली होती. एकदा मी गाडीला म्हातारी म्हणालो, तर हातातलं फडकं खाली ठेवून तिने मला समोर बसवलं. "म्हातारी नाही. जुनी आहे. फरक समजून घे, मग चहा देते."

तिचा खरा ध्यास मात्र गाडी चालती ठेवण्यापुरता नव्हता. गाडी ज्या काळातली, त्या काळाचं सगळं तिच्यावर पाहिजे. रंगाचंच घ्या. डिकीतली चटई उचलल्यावर खाली मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा सापडला, फिकट पिवळा. रंगारी गोल्डन मेटॅलिक मारायला निघाला होता. हल्ली सगळे तोच मारतात, असं तो समजावून सांगत होता. मामी बाजारात गेली आणि केळ्यांची अख्खी फणी घेऊन आली. एकेक केळं त्या तुकड्याशेजारी धरून बघत शेवटी पिकायला नुकतंच टेकलेलं एक निवडलं आणि रंगाऱ्याच्या हातात दिलं. दोन दिवसांनी तो परत आला, केळं काळं पडलंय, आता कोणता रंग मारू असं विचारत. मामीने उरलेली फणी मामांच्या दवाखान्यातल्या लहान फ्रिजमध्ये ठेवून दिली होती. मामा जनावरांचे डॉक्टर. लसींच्या बाटल्यांमध्ये आठवडाभर केळी नांदली.

मग आरसे आले. त्या काळी जपानात आरसे दारावर नसत, पार पुढे, चाकांच्या वर बसवलेले असत, हे तिने कुठल्याशा जुन्या मासिकातल्या चित्रावरून हेरलं. बुऱ्हाणपुरात असले आरसे मिळणं शक्यच नव्हतं. तिने मोटारसायकलचे दोन गोल आरसे घेतले, त्यांच्या दांड्या भांडी घडवणाऱ्या कारागिराकडून वाकवून घेतल्या आणि निकेलचा मुलामा चढवला. गाडी समोरून कान टवकारलेल्या सशासारखी दिसायला लागली. गल्लीतली सगळी पोरं त्यात भांग पाडायला लागली आणि मामीला त्यातून मागचा रस्ता सोडून बाकी सगळं दिसायला लागलं. पण तिच्या आनंदाला सीमा नव्हती. जेवता जेवता ती उठून खाली जाई आणि आरसे बघून येई. त्यानंतर डॅशबोर्डवर जाळीचा छोटा पंखा आला, मागच्या काचेला चुण्यांचे पडदे आले, टायरांवर पांढरे पट्टे आले. आणि सर्वांत शेवटी सीटच्या पाठींवर पांढऱ्या लेसची अर्धी कव्हरं, मामीने स्वतः क्रोशाने विणलेली, खळ घालून ताठ केलेली. अख्खा पावसाळा मामा दोऱ्याचा गुंडा धरून बसले होते.

कव्हरं आली आणि आम्हा नातेवाइकांचे हाल सुरू झाले. गाडीत बसण्याआधी मामी प्रत्येकाच्या डोक्याचा वास घेई. तेल लावलेलं असेल तर मागे टॉवेल, आणि तोही तिनेच दिलेला. माझं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला घ्यायला जपानी गेली होती. माझ्या बायकोला वाटलं, सासरच्या वडीलधाऱ्या बाई मायेने मस्तकाचं अवघ्राण करताहेत. तिने वाकून नमस्कार केला. पुढच्याच क्षणी तिच्या गजऱ्यामागे टॉवेल आला. मोबाईल तर गाडीत चालतच नसे. सगळ्यांचे फोन डिकीत. या गाडीला मोबाईल माहीत नाही, उगाच घाबरेल, असं कारण मामी अगदी गंभीरपणे देई. स्वतःचा नवाकोरा फोनही तिथेच. इच्छापूरला देवीच्या दर्शनाला निघालो की वाटेत डिकीत पाच-सहा फोन एकदम वाजत आणि मागून येणारे लोक हात करून गाडी थांबवायला सांगत. मामांसाठी तिने सफारी शिवून घेतला होता. तो घालून ते मागच्या सीटवर डावीकडे बसत, मांडीवर जादा फॅनबेल्ट घेऊन, एखाद्या खात्याच्या मंत्र्यासारखे. गाडी चालवणं त्यांना येत नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गाडीच्या डाव्या अंगावर ओरखडे दिसायला लागले. पहिला ओरखडा गोदामाच्या दाराचा, दुसरा विजेच्या खांबाचा. खांब रस्त्यात सरकवलाय, अशी मामीची तक्रार होती आणि ती वीज कंपनीला अर्ज करणार होती. आम्ही हसलो. मग एका सकाळी इच्छापूरच्या रस्त्यावर डाव्या बाजूने दूधवाला सायकलवर आला आणि तो मामीला दिसलाच नाही. गाडीचा जेमतेम धक्का लागला. त्याला खरचटलंही नाही, पण कॅन उलटला आणि रस्ताभर दूध झालं. मामीने उतरून त्याला उठवलं, त्याची सायकल पुसली, माफी मागितली. घरापर्यंतचा उरलेला रस्ता तिने पहिल्या गिअरमध्ये काढला. मामा म्हणतात, एवढा मोठा रस्ता त्यांनी आयुष्यात पाहिला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, बाजूंचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब घालून उरलेलं टिकवायचं. गाडी बंद. मी तिच्याबरोबर होतो. मला वाटलं, आता ही वाद घालेल. ती फक्त "बरं" म्हणाली. घरी येऊन किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला लावली आणि स्वयंपाकाला लागली.

त्यानंतरही ती रोज सकाळी खाली जाऊन इंजिन ऐके, पण जपानी जागची हलत नसे. आम्ही ड्रायव्हर आणून दाखवले. एकाने दार जोरात लावलं, दुसऱ्याने चोक म्हणजे काय ते विचारलं, तिसऱ्याच्या डोक्याला तेल होतं. मी स्वतः एकदा चालवून पाहिली. चौकापर्यंत जाऊन आलो तेव्हा मामीने माझ्या पाठीवर हात ठेवून, तू नोकरीत खूप हुशार आहेस, असं सांगितलं. मी समजलो.

आणि मग इंदूर रस्त्यावर नवीन हॉटेल काढलेला एक गृहस्थ आला. त्याला गाडी हॉटेलसमोर चौथऱ्यावर ठेवायची होती. बॉनेट उघडून त्यात फुलझाडं लावायची, भोवती दिवे सोडायचे, सेल्फी पॉइंट करायचा. मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवणार होतो, पण मामीने त्याला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात कळवते म्हणाली. तो गेल्यावर मी चिडलो. तिने शांतपणे विचारलं, "गोदामात अंधारात उभी राहण्यापेक्षा लोकांनी पाहिलेली बरी नाही का?" मामा खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी तापीकाठच्या राजघाटावर फिरायला जायला लागले. आयुष्यभर गाईम्हशींच्या मागे चालून पाय दमलेत म्हणून ज्यांनी कधी फेरफटका मारला नाही, ते घामाघूम होऊन परत येत आणि दोन वाट्या पोहे खात. मला संशय आला तो स्टेशनकडच्या रस्त्यावर. ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी लावलेली एक पांढरी गाडी चौकात मधोमध बंद पडली होती, मागे टेम्पोंची रांग बोंबलत होती आणि स्टिअरिंगवर सफारीतले मामा होते. शेजारचा शिकवणारा पोरगा हात जोडून म्हणत होता, "अंकल, ब्रेक नहीं, क्लच. अंकल, वो वायपर है." मी मान फिरवून निघून गेलो. त्यांनी मला पाहिलं असतं तर शिकणं तिथेच संपलं असतं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मी मामीकडे चहाला बसलो होतो. मामा समोरच्या खुर्चीत, बशी हातात, नजर भिंतीवर. त्यांचा डावा पाय हळूहळू वर येत होता, थांबत होता, पुन्हा खाली जात होता. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि डावा, बशीसकट, गिअर टाकत होता. मामी त्यांच्या अगदी समोर होती. तिने कप खाली ठेवला.

"अहो, क्लच अर्धा दाबून ठेवू नका. प्लेट जळते."

मामांनी दोन्ही पाय जमिनीला टेकवले. ते म्हणाले, "परीक्षा आहे शुक्रवारी. पास झालो की सांगणार होतो."

"आणि नापास झाले तर?"

"तर फिरायला जात राहिलो असतो."

मामी उठून आत गेली. मला वाटलं, डोळे पुसायला. ती परत आली ती खुंटीवरची किल्ली घेऊन. हॉटेलवाल्याला तिने माझ्याच फोनवरून नाही म्हणून कळवलं आणि त्याला आणखी एक गोष्ट सुनावली, की फुलझाडांसाठी कुंड्या मिळतात.

पुढचे दिवस घरात दिवाळीसारखी धामधूम होती. शिकवण्याच्या गाडीवरचं शिकणं जपानीला चालणार नव्हतं. मामीने मामांची वेगळी शिकवणी घेतली, नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर, शाळेतला आवाज लावून. चोक किती ओढायचा, गिअर कसा बोलवायचा, चढावर तिला काय सांगायचं. मामा तिसऱ्या गिअरवरून चौथ्यावर जायला राजी नव्हते. चौथ्या गिअरवर गाडी आपलं ऐकत नाही असं त्यांना वाटे. शुक्रवारी ते पास झाले. परीक्षकाने गाडी मागे घ्यायला सांगितली तेव्हा मामांनी आधी तीन वेळा हॉर्न वाजवला, मग खाली उतरून मागे कुणी नाही ना ते बघून आले. एवढा सावध उमेदवार परीक्षकाने पाहिला नव्हता म्हणे. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी मामांनी अख्ख्या गल्लीला मावा जिलेबी वाटली.

आणि एका रविवारी जपानी बाहेर निघाली. बुधवारा रस्त्यावर उतरला होता. ओट्यांवर बायका, गच्च्यांवर पोरं, मागवाल्यांनी माग बंद ठेवलेले. मामा सफारीत, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट. मामी त्यांच्या शेजारी, नव्याने खळ घातलेल्या लेसला पाठ टेकून. मी मागे फॅनबेल्ट घेऊन. गोदामाच्या दारातून गाडी बाहेर काढायला इतका वेळ लागला की ओवाळायला आणलेलं निरांजन विझलं. पण बाहेर पडली, एकही ओरखडा न उमटता, आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. कोपरा वळेपर्यंत मी फॅनबेल्ट घट्ट धरून बसलो होतो. एवढी धाकधूक मला स्वतःच्या लग्नातही झाली नव्हती.

इच्छापूरच्या रस्त्याला लागलो. मामा तिसऱ्याच गिअरमध्ये होते. आम्हाला ट्रक ओलांडून गेले, रिक्षा गेल्या, केळीचे घड लादलेला एक ट्रॅक्टर गेला आणि त्यावरच्या माणसाने खाली वाकून काही बिघडलंय का विचारलं. मामी सरळ समोर बघत होती. दर्शन झालं, परत निघालो, ऊन कलायला लागलं. आणि मग तिने अगदी हळू विचारलं, "डावीकडे काय आहे हो?"

मामांनी वेग आणखी कमी केला. "केळीची बाग," ते म्हणाले. "नवीन लावलेली. गुडघ्याएवढी झालीय." थोडं पुढे गेल्यावर, "आता कापूस. बोंडं फुटलीत." मग एक बाई शेळ्या घेऊन चालली होती ती सांगितली, एक शेळी लंगडतेय हेही सांगितलं, खूर बघायला पाहिजे म्हणाले. मग उजवीकडचं. विहीर, पंपघर, त्याच्या पत्र्यावर वाळत टाकलेली लाल चादर. मामी मान न वळवता ऐकत होती आणि मधूनच एखादा रंग पुन्हा विचारत होती.

गाडी गोदामासमोर येऊन थांबली, इंजिन बंद झालं. गल्लीत तोवर सांज झाली होती. मामा अजून सांगत होते, कुणाच्या दारात काय आहे, कोण ओट्यावर बसलंय. मी माझ्या बाजूचं दार आवाज न करता उघडलं आणि उतरलो. त्या दोघांना उतरायची घाई नव्हती.